सरांचं काम आपोआप झालं

सरांच्या डोळ्यांचं मला कळलं तेव्हा ऑफिसात दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. श्रावणातल्या एका शनिवारी त्यांनी मला कार्ल्याला घरी बोलावलं. फोनवर एवढंच म्हणाले, "लॅपटॉप घेऊन ये. आणि घाईत येऊ नकोस, दिवसभराचं काम आहे."

आमची कंपनी मालवाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ट्रक कुठे पोचला, माल कधी उतरेल, ड्रायव्हर कुठे थांबलाय, असलं सगळं. त्यात सतत काही ना काही बदल होत राहायचे. तो बदललेला प्रोग्राम क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, चढवायचं काम सरांकडे होतं. कोडचं पॅकेज बांधायचं, लॉगिन करायचं, जुनी आवृत्ती उतरवायची, नवी चढवायची आणि मग ती नीट चालतेय ना हे पाहत बसायचं. हे सगळं ते हाताने करायचे. मी कंपनीत नवी लागले तेव्हा त्यांनीच मला शिकवलं, म्हणून मी त्यांना सर म्हणायचे. बाकीचे नावाने हाक मारायचे.

मी तळेगावहून लोकलने मळवलीला उतरले. धुकं इतकं दाट होतं की कार्ल्याचा डोंगर होता की नव्हता कळत नव्हतं. रिक्षा हायवेच्या पुलावरून गेली तेव्हा खाली लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग दिवे लावून उभी होती. कणसं भाजणाऱ्या बायकांच्या शेगड्यांचा धूर वर न जाता रस्त्यावरच साचला होता.

घर भातखाचरांच्या कडेला होतं. सरांच्या आई दारातच भेटल्या. "या, बाई. आत या. लय भिजलासा." सर त्यांच्या घरातले पहिले इंजिनिअर. भिंतीवर पांढऱ्या साडीतल्या आईसोबत त्यांचा पदवीच्या झग्यातला फोटो होता, आणि त्याच्या वर बुद्धाची तसबीर. आईंनी चहा आणून सरांच्या उजव्या हाताशी ठेवला. सर बोलता बोलता वळले आणि कप त्यांच्या कोपराने खाली गेला.

"ध्यान कुटं असतंय रं तुजं?" आई फडकं आणायला उठल्या. "कालबी तांब्या लाथाडलान् यानं. सारखा आपला कामाच्या इचारात."

आई आत गेल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "विचारात नसतो मी. मला तो कप दिसलाच नाही."

मग त्यांनी सांगितलं. नजर चारी बाजूंनी आत आवळत चालली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. लहान नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. फक्त वेग कमी-जास्त असतो म्हणाले. घरी सांगितलं नव्हतं, कारण आई जेवण सोडेल. आणि मागच्या वेळी आवृत्ती चढवताना स्क्रीनच्या कोपऱ्यातली लाल सूचना त्यांना दिसली नव्हती. दुसऱ्याच कुणीतरी वेळेत पाहिली म्हणून निभावलं.

"हे काम आता माझ्या डोळ्यांवर ठेवून चालणार नाही," ते म्हणाले. "प्लगिन लावू. तू लिही, मी सांगतो."

बिल्ड टूल म्हणजे कोडचं पॅकेज बांधून देणारा प्रोग्राम. त्याला प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा एक छोटा प्रोग्राम, जोडलं की बांधलेलं पॅकेज तोच क्लाउडवर नेऊन चढवतो. पण त्याला आधी सगळं लिहून द्यावं लागतं. कुठलं खातं, कुठला सर्व्हर, किती मेमरी, नवी आवृत्ती चालू आहे हे कसं ओळखायचं, बिघडलं तर जुनीवर परत कसं यायचं. सर डोळे मिटून, खुर्चीत मागे रेलून सांगत होते आणि मी टाइप करत होते. इतक्या वर्षांत हातांनी जे केलं ते ते आठवून आठवून शब्दांत आणत होते. मध्येच म्हणायचे, "थांब. नवी चढल्यावर मी थोडा वेळ काहीच करत नाही. नुसता बसतो. ते पण लिही." मी प्लगिनमध्ये थांबण्याचा वेळ लिहिला.

पहिल्यांदा चालवलं तर प्लगिन परवानगी नाही म्हणून थांबलं. क्लाउडच्या खात्यात आमच्या बिल्ड टूलला प्रवेशच नव्हता. तो देईपर्यंत वीज गेली. फोनचं नेटवर्क लावून पुन्हा बसलो. दुसऱ्यांदा प्लगिन चाललं, पण भलत्याच वेळी. नुसतं पॅकेज बांधायला सांगितलं तरी ते सरळ चढवायला निघालं. नशीब, आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर होतो. मी फाइल वरून खाली, खालून वर बघितली. काही सापडेना.

"वाचून दाखव," सर म्हणाले. "प्रत्येक ओळ. चिन्हांसकट."

मी वाचत गेले. आई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना हे काय चाललंय कळत नव्हतं, पण हात थांबवून ऐकत होत्या. एका ओळीवर सरांनी हात वर केला. चढवण्याचं काम आम्ही पॅकेज बांधण्याच्या टप्प्याला जोडलं होतं. ते शेवटच्या टप्प्याला जोडायला हवं होतं. एक शब्द बदलला. मग एकच आज्ञा दिली, आणि कोड गोळा झाला, तपासला गेला, पॅकेज झालं, वर गेलं, थोडं थांबलं आणि चालू झालं. आम्ही दोघांनी कशालाही हात लावला नाही.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं. हिरवं आलं."

सर हसले. मला वाटतं त्या दिवसभरात तेवढंच एकदा. "आता मी मॅनेजरसाहेबांना सांगू शकतो," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, काम कसं होणार? आता काम अडत नाही हे दाखवतो आणि मग डोळ्यांचं सांगतो. पुढे मला नव्या मुलांना शिकवायला ठेवतील. शिकवायला कशाला कोपरा दिसायला हवा?"

निघताना आईंनी मला पोहे बांधून दिले. "काम झालं का मनासारकं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. खरंच झालं होतं.

सरांनी ठरवल्याप्रमाणे केलं. आधी सगळ्यांसमोर प्लगिन चालवून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग मॅनेजरच्या खोलीत जाऊन डोळ्यांचं सांगितलं. मॅनेजर फार आपुलकीने बोलले म्हणे. स्वतः पाणी दिलं, चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. दिवाळीच्या आधी टीमची फेररचना झाली आणि सरांची जागा तीत नव्हती. कागदावर डोळ्यांचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी मॅनेजरकडे गेले. "ते प्लगिन सरांनी केलंय," मी म्हटलं.

"हो ना, आणि काय सुंदर केलंय," ते म्हणाले. "आता त्या कामाला माणूसच लागत नाही."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच कौतुक करत होते. मी सरांच्या शिकवण्याच्या कामाचं विचारलं, तर "बघू" म्हणाले. मी जागेवर येऊन बसले. त्याच दुपारी नवीन आवृत्ती चढायची होती. स्क्रीनवर एकेक ओळ आपसूक उमटत गेली आणि जिथे सर नुसते बसायचे तिथे प्लगिनही थांबलं. मला ते बघवेना. उठून खाली कँटीनमध्ये गेले.

सरांनी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीत बोलणं चांगलं व्हायचं. मग समोरचा म्हणायचा, स्क्रीन शेअर करा आणि एवढं करून दाखवा. तिथे वेळ लागायचा, आणि पुढे उत्तर यायचं नाही. ते स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकायला लागले. आईंना तोवर सगळं कळलं होतं. एकदा फोन केला तर त्यांनीच उचलला. "दिसभर त्या यंत्रातली बाई बडबडती," त्या म्हणाल्या. "त्यो आयकत बसतोय. मी म्हणलं, मला सांग की काय वाचायचं ते, मी वाचते. तर म्हणतोय, आये, तुला इंग्रजी येत न्हाई." मग म्हणाल्या, "न्हाईच येत."

या हिवाळ्यात मी पुन्हा गेले. भात झोडून झालं होतं, खाचरं कोरडी पडली होती. सर ओट्यावर बसले होते. पाऊल ओळखून त्यांनी हाक मारली. ऑफिसचं विचारलं. प्लगिनची नवी आवृत्ती आलीय का, ती लावताना काही मोडलं का, तेही विचारलं. मी सांगितलं, ते ऐकत राहिले. कुठे काही काम मिळालंय का हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी उठायला लागले तेव्हा सर म्हणाले, "जरा उजेडाकडे तोंड करून बस. हलू नकोस."

मी बसले. सर पुढे झुकले आणि मान अगदी सावकाश फिरवत माझा चेहरा बघायला लागले. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, नाक, हनुवटी. एका वेळी तेवढंच मावत होतं. मध्येच एखादा भाग सुटला की मागे येत. ते मला पाठ करून ठेवताहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मी श्वासही जपून घेऊ लागले. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तोही थांबला.

"हं," शेवटी ते म्हणाले, "जा आता. अंधार पडायच्या आत मळवलीला पोच."

आई फाटकापर्यंत आल्या. "माजा चेहरा रोज सकाळी असाच बगतोय," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.