व्हॅनच्या सीटखालचा गोटा

सकाळपासून डोक्यात एकच किडा वळवळून राहिला, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते.

आमच्या गल्लीला उतार आहे. शाळेची व्हॅन थांबली की व्हॅनवाले भाऊ उतरतात, सीटखालून मोठा गोटा काढून मागच्या चाकाला लावतात आणि मगच दार उघडतात. वर्षभर मी त्याला त्यांची काळजी समजत होते.

आज लेक व्हॅनमध्ये चढली आणि मला काचेवर आरटीओचा गाडीच्या फिटनेसचा नवाकोरा कागद दिसला. चाकाखाली गोटा होताच. मी विचारलं, "भाऊ, हँडब्रेक लागत नाही का?"

"लागते ना ताई. गोटा आपला सवयीचा."

"लावून दाखवा बरं."

त्यांनी दांडा ओढला. कुठेही न अडकता तो सैल वर आला.

"मग फिटनेसमध्ये पास कशी झाली?"

"तिथलं मैदान सपाट आहे ना ताई. गाडी हललीच नाही."

मी लेकीला खाली उतरवलं. आत अजून सात पोरं बसली होती.

"काहून टेन्शन घेता ताई," भाऊ म्हणाले, "उद्यापासून दोन गोटे लावतो."

तुमच्या मुलांच्या व्हॅनमध्ये सीटखाली काय ठेवलंय, पाहिलंत कधी?