लंगडी कोंबडी आणि आमच्या सासूबाई

आमच्या सासूबाई शिंपीण. नवरा गेला त्या आठवड्यातही त्यांनी गिऱ्हाइकाचा कोट वेळेवर दिला. "मी लावलेलं बटण कधी गळून पडत नाही," हा त्यांचा तोरा.

माया होती ती फक्त परसातल्या कोंबडीवर. तिला मऊ लागावं म्हणून खुराड्यात कापडाची कातरणं अंथरायच्या. ती लंगडायला लागली, पाय सुजला, तेव्हा रोज तो कोमट पाण्याने शेकून, मलम लावून वर घट्ट पट्टी बांधायच्या. त्यांना धड दिसत नव्हतं, पण मला हात लावू देतील तर शपथ!

"तुला साधा टाका घालता येत नाही, पट्टी काय बांधणार?"

शेवटी वास यायला लागला, तशी मी कोंबडी हिसकावून घेतली आणि पट्टी सोडली. बोटं काळी ठिक्कर पडली होती. वर सुजेत रुतून बसला होता एक दोरा, कातरणांतून पायाला गुंडाळला गेलेला. तो मी कात्रीने कापून काढला.

"काय निघालं गं?"

"काटा होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या मुठीतून दोरा ओढून घेतला, दोन बोटांत ताणून पाहिला.

"बटणांचा आहे," त्या म्हणाल्या. "हा तुटत नाही."