देवळाला चुना

आमच्या धाकट्या दिरांइतकी युरोपातली चर्चं आतून कुणी पाहिली नसतील, आणि तीही वाईजवळच्या आमच्या गावातल्या ओट्यावर बसून. लष्करातून निवृत्त होताना त्यांनी कुठल्याशा मेसच्या रद्दीतून चित्रांचं एक जाडजूड पुस्तक उचललं. जुन्या काळच्या गोऱ्या चित्रकारांनी रंगवलेली चर्चं, सगळी आतून. उंच खांब, पांढऱ्या भिंती, तिरपं ऊन, बाकी काही नाही. भाऊजी त्याला 'गाभारा' म्हणतात आणि पुस्तक उघडण्याआधी चपला काढतात. डोळे तपासायला सांगलीला येतात, विश्रामबागेत आमच्याकडे उतरतात, तेव्हा ते ओझं पिशवीत असतंच. मी कुकर लावत असले तरी पान नाकासमोर येतं. "आवं वहिनी, ह्यो कुत्रा बघा. भर देवळात हिंडतोय आन् कुणी हाड म्हणत न्हाई!" तो कुत्रा मला आता पाठ आहे. "पण देव कुठाय, भाऊजी?" म्हटलं, की म्हणतात, "देवाला जागा ठेवलीया की." मग भिंतीवर ऊन कसं पडतं ते पाहायला माझी कॅलेंडरं उतरतात, आणि तोवर भाजी करपते.

गेल्या वर्षी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. कमिटीनं आतून चकचकीत टाइल्स ठरवल्या आणि भाऊजींचं जेवणावरून मन उडालं. सकाळचं ऊन दारातून थेट त्या जुन्या पांढऱ्या भिंतीवर येतं. ते जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं. आयुष्यात कधी सभेत न बोललेला माणूस पुस्तक छातीशी धरून उभा राहिला.

"माझं एवढंच म्हणणं हाय. देवळाला चुना लावा."

वर्गणी जमवणारे अध्यक्ष ताडकन उठले. "आमी देवळाला चुना लावतोय व्हय? तोंड सांभाळून बोल!"

"लय दिवसांनी कुणीतरी खरं बोललं गड्या!" मागून कुणीतरी ओरडलं. मग जी जुंपली, तीत पुस्तक उघडायचं राहूनच गेलं.

टाइल्स बसल्या. मी गावी पूजेला गेले तर भाऊजी बाहेर पायरीवर. आत चला म्हटलं.

"जाऊन आलो. जिकडं बघावं तिकडं माझंच थोबाड दिसतंय, वहिनी."

 प्रसाद हातावर ठेवला आणि बस गाठली.

दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. रंगारी म्हणाला, "हॉलला कोणता?"

"पांढरा."

"मळतो बाई तो."

"मळू दे."

भाऊजींना अजून कळवलेलं नाही. कळलं तर मुक्कामच ठोकतील. रविवारी करीन फोन.