आरमोरीपलीकडचा मरळींचा डोह

लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला म्हणून कुठे गेलोच नव्हतो. त्या चैत्रात यांना आरमोरीकडे वकील म्हणून एका नाल्याच्या खटल्यासाठी जायचं होतं. "जंगल आहे, मोठा डोह आहे, चल," म्हणाले. मी निघाले.

नागपूरहून छोट्या रेल्वेनं ब्रह्मपुरी. गाडी रमतगमत जाते, म्हणून डबा सोबत हवाच. पुढे छकड्यातून वैनगंगा ओलांडली. उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. आरमोरीला धर्मशाळेत उतरलो. जवळच्या खानावळीत दोघांचं जेवण रुपयात झालं, भात सुरेख होता. सकाळी पुन्हा छकडा, मोहफुलांच्या वासातून. पिण्याचं पाणी मात्र आरमोरीतच भरून घ्यावं.

डोहाकाठी मासेमार ढिवरांची आणि गोंडांची मिळून एक वस्ती होती. वर नाल्यावर एका जमीनदारानं उसासाठी मातीचा बांध घातला होता. मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या गावजमीनदारीच्या काळात बांधातून उन्हाळाभर एक धार खाली सोडायची रीत होती. तिच्यावर डोहातले मरळ मासे जगत, रानातली चितळं पाण्याला येत. मालगुजारी गेली, रीतही गेली. ती धार डोहाच्या हक्काची आहे, एवढंच वस्तीच्या बाजूनं यांचं म्हणणं.

आम्ही पोचलो तेव्हा डोहात गुडघाभर पाणी होतं. कडेच्या गाळात एक चितळ रुतून मेलं होतं.

पाहणीला खटला ऐकणारे महसुलाचे साहेब जीपनं आले. वस्तीतर्फे भागरथाबाई बोलली. ही ढिवरांतली म्हातारी विधवा. डोहावर तिचाच शब्द चाले.

"साहेब, उन्हाळ्यात आमी इथी जाळं टाकत नाई. बियाची मासोळी राखून ठेवतो. पाणीच नाई त ते कुठी जाईल?"

"डोहाखाली तुमचं शेत आहे?"

"नाई."

"मग पाणी कशाला मागता?"

"मासोळीले पायजे. जनावराले पायजे."

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, पाण्यावर हक्क शेताचा असतो. मासोळीच्या नावानं शेत आहे का कुठं?"

यांनी बराच वेळ युक्तिवाद केला. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि बांध राहील, धार सुटणार नाही असं सांगून ते गेले.

भागरथाबाईनं यांना विचारलं, "वकीलभाऊ, वर अर्ज केला त पाणी कवा येईल?"

"पावसाळ्याआधी नाही येणार," हे म्हणाले.

ती उठून घरी गेली आणि जाळं घेऊन आली. लुगडं खोचून डोहात उतरली. वस्ती नुसती बघत राहिली.

"बाई, हे काऊन?" एका गोंड म्हाताऱ्यानं विचारलं.

"आठ दिसात सडून जातीन. पोरायच्या पोटात गेलेल्या बऱ्या."

मग सगळेच उतरले. हातहात लांब मरळी काठावर तडफडत होत्या. तिनं आम्हालाही भात आणि मरळीचा रस्सा वाढला. स्वतः जेवली नाही.

घरी परतल्यावर यांनी अपील केलं. ते चालत राहिलं. निकाल लागला तेव्हा पुढच्या वर्षीचा पावसाळाही सरला होता. डोह बुजला असून आता अस्तित्वात नाही, सबब त्याच्या पाण्याचा प्रश्न उरत नाही, असा तो निकाल. तो वाचून हे आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी कोर्टात गेले नाहीत.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर जंगल अजून आहे, मोहही आहे. वस्ती उठून गेली, कुठे ते कुणी सांगत नाही. डोह विचारलात तर माणसं त्या जागचा ऊस दाखवतात.