नव्वद कडकपणाची रिंग

कामणच्या एका कारखान्यात ॲन्सेल्म एकवीस वर्षं फिटर होता. नुसत्या आवाजावरून तो मशीनचा बिघाड सांगायचा, म्हणून सुपरवायझर सुमेधही त्याला ‘अंकल’ म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या तीन नंबरच्या पॉवर प्रेसच्या ब्रेकमधून हवा गळायला लागली. हा ब्रेक हवेच्या दाबाने सुटतो. पॅडलवरचा पाय काढला की हवा बाहेर जाते, स्प्रिंगा पिस्टनला मागे ढकलतात, ब्रेक लागतो आणि प्रेस थांबतो. पिस्टनभोवतीची रबरी ओ-रिंग झिजली होती. तिथे सत्तर कडकपणाची रिंग लागायची; आकडा जितका मोठा, तितकं रबर कडक. स्टोअरमध्ये त्याच मापाची नव्वदची होती, तशीच काळी. रबर कोणतं, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

“मागवायची तर चार दिवस प्रेस बंद,” सुमेध म्हणाला. “कडक असली तर उलट जास्त टिकेल ना, अंकल?”

ॲन्सेल्मलाही ते पटलं. रिंग बसवताना जोर लावावा लागला, एवढंच. साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर एकही बुडबुडा आला नाही.

आठवड्याने बायजा त्याच्याकडे आली. ती जूचंद्रहून यायची आणि नऊ वर्षं त्याच प्रेसवर होती. “ॲन्सेल्मभाऊ, पाय काढला तरी परेस थोडा खाली जाऊन थांबतो.”

त्याने पुन्हा साबणाचं पाणी लावलं. “गळत नाही गं. ठीक आहे.”

“तुमी बोलता म्हंजे ठीक असंल,” म्हणत ती कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी पत्रा तिरका बसला. बायजाने पॅडलवरचा पाय काढला आणि पत्रा सरळ करायला हात आत घातला. प्रेस थांबला नाही. तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

तिला रिक्षातून नेल्यावर ॲन्सेल्मने ब्रेक उघडला. पिस्टन हाताने हलेना. रिंग आधीच कडक, त्यात हवेबरोबर येणाऱ्या तेलाने फुगून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटलेली. ते रबर तेलात चालणारं नव्हतंच. हवा तिने पक्की अडवली होती, पण घर्षण इतकं वाढलं होतं की स्प्रिंगांना पिस्टन वेळेवर ढकलता येत नव्हता. त्याने दोनदा गळती तपासली होती. पिस्टन मोकळा मागे येतो का, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमेधने कागद पुढे केला. त्यावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं.

“सही करा, अंकल. नाहीतर चूक तुमच्यावर येईल.”

“माझीच आहे ती.”

त्याने सही केली नाही. चौकशीला आलेल्या सरकारी निरीक्षकाला रिंग दिली आणि सगळा जबाब लिहून दिला. बायजावरचा ठपका पुसला गेला. ॲन्सेल्मला कारखान्याने काढून टाकलं.

जबाबानंतर तो इस्पितळात गेला. बायजाने त्याच्याकडे पाहिलं.

“तुमी ठीक आहे बोलले होते.”

“हो.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो निघाला. पुन्हा ती त्याच्याशी बोलली नाही. डाव्या हाताने जेवायला तिला तीन महिने लागले, हे त्याला तिच्या शेजारणीकडून कळलं.