व्हय व्हय म्हणणारा

कुंडलचा तो बागाईतदार मूल होत नाही म्हणून बायकोला आमच्या सांगलीच्या दवाखान्यात आणायचा. डॉक्टर काहीही बोलले, की टोपी सारखी करत "व्हय व्हय" म्हणायचा. मग बाहेर कुटुंबनियोजनाच्या पाटीखाली बसून मला, कंपाउंडरला, विचारायचा, "आवं, शुक्रजंतू म्हंजी काय?"

मी सांगितलं, "पुरुषाचं बीज. तुमचं कमी पडतंय. या गोळ्या तुम्ही घ्यायच्या."

"व्हय व्हय."

पुढच्या खेपेला मी विचारलं, "गोळ्या घेतल्या ना?"

"एक बी चुकली न्हाई. रोज म्होरं बसून तिला गिळाया लावली."

बायको माझ्याकडे बघत होती, तो टोपी सारखी करत होता. त्याला काहीच समजलं नव्हतं, की सगळं समजलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.