भोगीची आंघोळ आणि दीनानाथांचा पाइप

गुरुग्रामच्या आमच्या इमारतीत कुणाच्या घरी काय चाललंय, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी कुणाच्या घरात डोकावत नाही. जिन्यात जरा सावकाश चढतो, एवढंच.

वरच्या मजल्यावरचे दीनानाथ मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. भेंडीसुद्धा उजेडाकडे धरून घेतात. बायको गेली, मुलगा परदेशात. हिवाळ्यात पुण्याहून थोरली बहीण कुमुदिनीताई येतात, तेव्हा कुठे त्या घरात भांडण ऐकू येतं. पण गेल्या वर्षी भोगीच्याच संध्याकाळी त्या संक्रांतीच्या तीळगुळालाही न थांबता निघून गेल्या.

झालं असं, की भोगीला डोक्यावरून न्हायचं हा ताईंचा नेम, आणि शिकेकाई चोळेपर्यंत नळ बंद ठेवायचा ही काटकसर. गिझर मागच्या बाल्कनीत, बाथरूम पार दुसऱ्या टोकाला; मधला पाइप उघड्या भिंतीवरून गेलेला. तेवढ्या वेळात पाइपातलं पाणी गारठलं. ताईंनी नळ सोडला आणि अशा किंचाळल्या, की खालच्या मजल्यावर माझा चहा सांडला.

यंदा त्यांनी फोनवर बजावलं, "दिना, येते. पण भोगीची आंघोळ झाल्यावर ठरवीन, राहायचं की नाही."

दीनानाथ कामाला लागले. गोधडी काढली, पट्ट्या कापल्या, पाइपाला गुंडाळून सुतळीनं आवळल्या.

मी म्हटलं, "पाइप बाळंत झालाय का हो? कानटोपी तेवढी राहिली."

"चहा घ्या आणि जा," ते म्हणाले.

मग धुकं पडलं. गोधडीनं ते सगळं पिऊन घेतलं आणि पाइप आधीपेक्षा गार. नेमक्या त्याच दिवशी ताई आल्या. बाल्कनीत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"दिना, ही मी शिवलेली गोधडी ना?"

"हो."

"मला वाटलं, तू पांघरतोस."

"पांघरायचो. तुझ्या आंघोळीसाठी काढली."

गोधडीची पट्टी पिळल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

"वेडा आहेस," ताई म्हणाल्या. "ओलं कापड ऊब देतं होय रे? एसीवाले पाइपावर ते काळं फोम चढवतात बघ. ते आण."

दीनानाथांनी आणलं. फोमच्या नळ्या उभ्या चिरून पाइपावर बसवल्या, वळणावर तिरक्या कापून जोडल्या, सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. पाइप भिंतीत शिरतो तिथली बोटभर जागाही सोडली नाही.

भोगीच्या सकाळी मी तीळ लावलेल्या भाकरीचा वास आला म्हणून वर गेलो होतो. लोक काहीही म्हणोत. आत नळ बंद झाला. दीनानाथ खुर्चीच्या कडेवर बसले. बऱ्याच वेळानं नळ पुन्हा सुरू झाला. आवाज फक्त पाण्याचा.

ताई केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या.

"शेवटपर्यंत गरम होतं?"

"पोळलं मला. थंड मिसळावं लागलं. परतीचं तिकीट होळीनंतरचं काढ."

"अच्छा," एवढंच म्हणून दीनानाथ उठले आणि बाल्कनीत जाऊन पाइपाला या टोकापासून त्या टोकापर्यंत हात लावून आले. माल पास झाला होता. मला त्यांनी स्वतःहून दुसरी भाकरी वाढली, आणि तीही लोण्यासकट.